चूक शेवटच्या ओळीत नसते

उबुंटूवर नेहमीचे अपडेट चालू असते आणि मध्येच पडदाभर इंग्रजी ओळी धावू लागतात. शेवटी उरते ती तक्रार एवढीच, की ‘लिनक्स-इमेज’ हे कर्नलचे पॅकेज बसवताना पॅकेजे बसवणारे डीपीकेजी अडले आणि स्क्रिप्टने ‘एक्झिट स्टेटस १’ दिला. हे वाचून बहुतेकांची समजूत होते की नवे कर्नल सदोष आहे, नाहीतर सगळी सिस्टिमच बिघडली. मला वाटते, इथेच पहिली चूक होते. ही शेवटची ओळ फक्त परिणाम सांगते. कारण तिच्या दहा-वीस ओळी वर छापलेले असते आणि पुष्कळदा ते अगदी साधे असते: ‘नो स्पेस लेफ्ट ऑन डिव्हाइस’, म्हणजे जागा संपली.

डिस्कवर शेकडो जीबी रिकामे असताना जागा संपते कशी? कर्नल हा हार्डवेअर आणि प्रोग्रॅम यांच्यामधला गाभा. ब्राउझर अपडेट झाला की नवी आवृत्ती जुनीच्या जागी बसते. कर्नलच्या पॅकेजच्या मात्र नावातच आवृत्तीचा क्रमांक असतो, म्हणून नवे कर्नल जुन्याला न हलवता त्याच्या शेजारी येऊन बसते. नवे चालले नाही तर जुन्यावर परतता यावे, हा त्यामागचा हेतू. या सगळ्यांचा मुक्काम ‘बूट’ नावाच्या फोल्डरमध्ये असतो. त्यात कर्नलची स्वतःची फाइल दहा-पंधरा एमबीची. जागा खाते ती तिच्या जोडीची ‘इनिटआरडी’: संगणक सुरू होताना मुख्य डिस्क उघडेपर्यंत लागणारी शिदोरी. ती सहज पन्नास एमबीच्या पुढे जाते, ग्राफिक्स कार्डाचे फर्मवेअर त्यात आले तर शंभरच्याही पुढे. ज्यांनी इन्स्टॉल करताना डिस्क एन्क्रिप्ट केली, त्यांच्याकडे ‘बूट’ सहसा वेगळ्या, कुलूप नसलेल्या छोट्या पार्टिशनवर असते. जुन्या इन्स्टॉलेशनमध्ये ते अर्ध्या जीबीचे किंवा त्याहूनही लहान सापडते. तीन-चार कर्नल साठली की पुढच्याला जागा उरत नाही.

अशा वेळी संगणक काय करतो ते बारकाईने पाहण्यासारखे आहे. नवी इनिटआरडी आधी ‘न्यू’ अशी शेपटी लावलेल्या वेगळ्या नावाने लिहिली जाते आणि पूर्ण झाली तरच तिला खरे नाव मिळते. मध्येच जागा संपली तर जुन्या फाइलला धक्का लागत नाही. डीपीकेजीही आपल्या वहीत नोंद करते: पॅकेज उघडले, पण जुळणी अपुरी. ही नोंद प्रामाणिक आहे. पण ती पुसल्याशिवाय डीपीकेजीकडून कामे करवून घेणारे एपीटी पुढचे काम घेत नाही. नको असलेली पॅकेजे काढणारे ‘ऑटोरिमूव्ह’ करायला जावे तर ते म्हणते आधी मोडलेले दुरुस्त करा, आणि दुरुस्त करायला जावे तर पुन्हा जागा नाही. या फेऱ्यातून सुटायचे तर आधी ‘डीएफ’ने ‘बूट’ किती भरले ते पाहावे आणि ‘यूनेम’ला ‘आर’ जोडून सध्या कोणते कर्नल चालू आहे ते टिपून ठेवावे. मग चालू कर्नल आणि त्याच्या आधीचे एक सोडून, सर्वांत जुने कर्नल थेट डीपीकेजीच्या ‘पर्ज’ने काढावे. त्याच क्रमांकाचे ‘मॉड्यूल्स-एक्स्ट्रा’ असेल तर तेही सोबतच काढावे लागते. जागा झाली की ‘डीपीकेजी कॉन्फिगर ए’ अडलेली जुळणी पूर्ण करते आणि त्यानंतर ‘ऑटोरिमूव्ह’ही निमूट चालते.

प्रत्येक वेळी जागाच कमी पडते असे मात्र नाही. एनव्हिडिया किंवा व्हर्च्युअलबॉक्सची मॉड्यूल्स, म्हणजे कर्नलला जोडले जाणारे ड्रायव्हर, डीकेएमएस ही यंत्रणा प्रत्येक नव्या कर्नलसाठी पुन्हा बांधते, आणि मॉड्यूल जुने असले तर बांधणी फसते. तिथे कर्नल काढून उपयोग नाही, ड्रायव्हर नवा हवा. म्हणून वरची ओळ वाचण्याला पर्याय नाही.

कोणी म्हणेल, ‘बूट’मधल्या जुन्या फाइली हाताने पुसल्या की काम झाले. जागा होते खरी, पण वहीत ती पॅकेजे बसवलेलीच राहतात आणि घोळ पुढच्या अपडेटवर ढकलला जातो. सगळे पुसून उबुंटू नव्याने टाकावे, हा सल्लाही मला पटत नाही. दहा मिनिटांच्या कामासाठी दिवस घालवायचा आणि पार्टिशन पुन्हा तेवढेच छोटे ठेवले तर काही महिन्यांनी त्याच जागी यायचे. सर्वांत घातक तोडगा म्हणजे कर्नलची अपडेट्स कायमची थांबवणे. २०१६ साली उघड झालेली ‘डर्टी काऊ’ ही त्रुटी कर्नलमध्ये २००७ पासून होती. साध्या वापरकर्त्याला तिच्यामुळे रूटचे सर्वाधिकार मिळवता येत. ती बुजली कर्नलच्या अपडेटनेच. मग जुनी कर्नल संगणकाने आपणहून का काढू नयेत, हा आक्षेप रास्त आहे. फेडोरा या दुसऱ्या लिनक्समध्ये तशी मूळ मर्यादाच तीन कर्नलची आहे. उबुंटूही आता बरीच सफाई स्वतः करते, पण हाताने बसवलेल्या कर्नलला ‘ऑटोरिमूव्ह’ शिवत नाही, आणि पार्टिशनच इवलेसे असेल तर दोन-तीन कर्नलही जड होतात.

अपडेट अडलेले असताना संगणक चालू असेल, तर दुरुस्ती होईपर्यंत तो रिस्टार्ट करू नका. इनिटआरडी नसलेले कर्नल निवडले गेले तर सिस्टिम सुरूच होणार नाही. आणि केलाच असेल, तर संगणक सुरू होताना दिसणाऱ्या ग्रबच्या यादीत ‘ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स’ उघडा. जुने कर्नल तिथे असते.