चेनचा मार आणि सायकलची फ्रेम

आपल्या घरांत सायकल कधी एकट्याची नसते. थोरल्यासाठी घेतलेली गिअरची सायकल दोन-तीन वर्षांनी धाकट्याकडे येते, मग बहीण ती शाळेला, ट्यूशनला नेते आणि शेवटी ती एखाद्या मामेभावंडाच्या दारात उभी राहते. या प्रवासात टायर, ट्यूब, ब्रेकचे रबर, चेन सगळे बदलत जाते. बदलत नाही ती फक्त फ्रेम. फ्रेम गेली की सायकल भंगारात गेली. म्हणून पालकांनी एकदा खाली वाकून सायकलची उजवी बाजू पाहावी.

पायडलच्या धुरीपासून मागच्या चाकाच्या धुरीपर्यंत एक आडवी नळी जाते. चेन याच नळीला लागून वर-खाली फिरते. माउंटन बाइकला गिअर असल्याने चेन थोडी सैल ठेवावीच लागते. खड्ड्यात चाक आपटले की ही सैल चेन उसळते आणि नळीवर फटका मारते. खट्-खट् आवाज येतो तो हाच. आधी रंगाचे टवके उडतात, मग धातू उघडा पडतो. लोखंडी फ्रेम असेल तर पहिल्या पावसातच तेथे गंज धरतो. अ‍ॅल्युमिनियमला तांबडा गंज चढत नाही, पण खोल खाच पडली तर पुढे तेथूनच तडा जाऊ शकतो.

दुसरा धोका याहून मोठा आहे. पुढच्या दातेरी चकतीचे दाते झिजले असतील किंवा चेन चिखलाने माखली असेल, तर चेन चकतीला चिकटून वर ओढली जाते आणि चकती व नळी यांच्यामध्ये अडकते. मूल जोर लावत राहिले तर फ्रेम खरवडून निघते आणि पायडल एकदम अडून तोल जातो. वाहत्या रस्त्यावर असे पडणे किती महागात जाईल हे सांगायला नको. मुलांना एवढे शिकवून ठेवावे: पायडल अडले की जोर लावायचा नाही. सायकल बाजूला घ्यायची, पायडल हलके उलटे फिरवायचे आणि चेन मोकळी करायची.

कोराडीसारख्या ठिकाणी ही काळजी अधिक घ्यावी लागते. येथील औष्णिक वीज केंद्र 1974 मध्ये सुरू झाले आणि आज तेथे 660 मेगावॉटचे तीन संच आहेत. कोळशाच्या राखेत सिलिका आणि अ‍ॅल्युमिना यांचे बारीक, कठीण कण असतात. राख असो की रस्त्याची धूळ, ती तेलकट चेनवर बसली की तेलात कालवलेली घासणारी पूड तयार होते. तिने चेन, दाते आणि फ्रेम तिन्ही झिजतात. म्हणून चेनवर तेल ओतू नये. चेन कापडाने पुसावी, प्रत्येक कडीवर एक थेंब सोडावा, पायडल उलटे फिरवावे आणि वरचे तेल पुन्हा पुसून काढावे. तेल सांध्याच्या आत हवे, बाहेर नको.

फ्रेमला कवच घालण्यासाठी पंक्चरवाल्याकडची निकामी ट्यूब पुरते. तिचा व्हॉल्व्ह कापून टाका, ट्यूब लांबीत चिरून पट्टी करा, धुऊन वाळवा. नळी साबणाच्या पाण्याने स्वच्छ करून पूर्ण कोरडी होऊ द्या. धातू उघडा पडला असेल तर बारीक पॉलिश पेपरने गंज काढून प्राइमर आणि रंग लावा. कार्बनची फ्रेम मात्र घासू नका, ती जाणकाराला दाखवा. आता पट्टी ताणून, प्रत्येक वेढा आधीच्या वेढ्यावर अर्धा चढवत, मागून पुढे गुंडाळा. दोन्ही टोके प्लास्टिकच्या केबल टायने आवळा. विजेची चिकटपट्टी वापरू नये, नागपूरच्या मे महिन्यात पारा 45 अंशांपुढे गेला की तिचा गोंद वितळून वाहतो. गिअरची उघडी तार नळीजवळून जात असेल तर ती वेढ्याखाली दाबू नका. टायर आणि दातेरी चाके मोकळी फिरतात ना, तेही पाहा.

ट्यूबच्या आत पाणी साचले तर झाकलेला गंज दिसतही नाही. म्हणून पावसाळ्यापूर्वी आणि पावसाळ्यानंतर वेढे सोडून नळी पाहावी.

कवच मार झेलते, पण माराचे कारण चेनमध्येच असते. चेनच्या एका पिनेपासून मोजलेल्या 24 कड्या नव्या चेनमध्ये बरोबर 12 इंच भरतात. टेप लावून पाहा. एक सोळांश इंच जास्त भरले तर चेन बदला. एक अष्टमांश वाढले असेल तर दातेही झिजलेले असतात आणि खर्च वाढतो. चेन गरजेपेक्षा लांब असेल तर मिस्त्रीकडून कमी करून घ्या. मात्र पुढच्या व मागच्या सर्वांत मोठ्या चकत्यांवर एकाच वेळी बसेल इतकी लांबी राहिलीच पाहिजे, नाहीतर गिअरच मोडतो. खराब रस्त्यावर चेन पुढच्या मोठ्या चकतीवर ठेवली तर ती ताणलेली राहते आणि कमी उसळते.

जगभरच्या कारागिरांनीही या त्रासावर डोके चालवले आहे. 1990 च्या सुमारास काहींनी ही नळी चेनच्या वरून नेणाऱ्या सायकली बनवल्या. पण त्या फ्रेम जड पडत आणि पायडलवर जोर दिला की लवत, म्हणून ती तऱ्हा मागे पडली. 2012 च्या सुमारास मागच्या गिअरमध्ये चेनची उसळी रोखणारा क्लच आला, तो आज महागड्या सायकलींत सर्रास दिसतो. आपल्या मुलांच्या साध्या सायकलींत तो सहसा नसतो. तेथे जुनी ट्यूब, कोरडे कापड आणि टेप यांवरच भागवावे लागते, आणि तेवढ्याने भागतेही.

हे काम सुटीच्या सकाळी मुलामुलींकडूनच करून घ्यावे, मोठ्यांनी जवळ बसून फक्त दाखवावे. सायकल पुढे ज्याच्या हाती जाणार आहे, त्या धाकट्याला केबल टाय आवळायला द्यावी.