फूल बघून काढा

हा लेख पुढे वाचण्यापूर्वी एक काम करा. जवळ असेल त्या कागदावर पेन्सिलीने एक फूल काढा. विचार करू नका, खिडकीबाहेर पाहू नका, सरळ काढा.

काढलेत? आता तुमचे फूल कसे आहे ते मी इथे बसून सांगतो. मध्ये एक लहान गोल, त्याच्याभोवती फुगीर अशा पाच-सहा पाकळ्या, खाली एक उभी रेघ आणि त्या रेघेला दोन बाजूंना दोन पाने. ज्यांच्या हाताशी कंपासपेटी होती त्यांनी कदाचित वर्तुळातले सहा टोकदार पाकळ्यांचे फूल काढले असेल. भूमितीच्या वहीच्या शेवटच्या पानावर ते हमखास असतेच. त्यात सहाच पाकळ्या का येतात, याचा कधी विचार केलात? कंपासचे अंतर न बदलता परिघावर खुणा करीत गेलो, की दर खुणेला केंद्राशी ६० अंशांचा कोन होतो. ६० सक ३६०, म्हणून सातवी खूण बरोबर पहिलीवर येऊन पडते. म्हणजे हे फूल बागेत उमललेले नाही, भूमितीत उमललेले आहे!

ही फुले वाईट आहेत असे मुळीच नाही. रांगोळीत, उशीच्या अभ्र्यावर, शुभेच्छापत्रावर ती छान शोभतात. पण अंगणातल्या कुठल्याही झाडाला नेमके तसे फूल लागत नाही. आपला हात ते इतक्या वेळा काढतो, की खरे फूल समोर असले तरी हात तेच काढतो आणि डोळा गप्प बसतो.

याचा अनुभव मी स्वतः घेतला आहे. नववीत असताना जास्वंदीच्या फुलाचे भाग पाहण्याचा तास होता. शाळेच्या नेहमीच्या झाडाला त्या दिवशी फुले नव्हती, म्हणून शिपाईकाकांनी शेजारच्या बंगल्यातून टोपलीभर जास्वंदी आणली. प्रत्येकाच्या बाकावर एकेक फूल ठेवले गेले. आम्ही पुस्तक उघडले, चित्र काढले, नावे दिली. मी तर पाकळ्यांना सुंदर छायाही दिली. वह्या तपासायला घेतल्यावर बाई माझ्या बाकाजवळ थांबल्या आणि म्हणाल्या, “या चित्रातली पुंकेसरांची लांब नळी तुझ्या फुलात कुठे आहे, दाखव बघू.”

मी फूल उचलले आणि घाम फुटला. ती डबल जास्वंद होती. पाच पाकळ्या आणि मधून डोकावणारी नळी असा तिचा थाट नव्हताच. सगळा चुरगळलेल्या लाल कागदासारखा गेंद होता. जवळजवळ साऱ्या वर्गाने समोर नसलेले फूल काढले होते. फक्त शेवटच्या बाकावरच्या एका मुलीने खोडून खोडून कागदाला भोक पाडले होते आणि त्या ओबडधोबड चित्राखाली लिहिले होते, ‘पाकळ्या मोजता येत नाहीत. आतल्या काही पाकळ्यांच्या कडेला पिवळे ठिपके आहेत.’ बाईंनी ती वही सगळ्यांना दाखवली. ते पिवळे ठिपके म्हणजे परागकोश होते. डबल जास्वंदीत पुष्कळशा पुंकेसरांच्या पाकळ्या झालेल्या असतात आणि काही पाकळ्यांवर जुनी खूण शिल्लक राहते. पुंकेसर आणि पाकळी यांचे नाते सांगणारा हा पुरावा आम्हा सगळ्यांच्या बाकांवर पडला होता. तो एकीलाच दिसला, कारण एकटीच फूल बघून काढत होती. मला दहापैकी शून्य मिळाले आणि ते योग्यच होते.

तेव्हा या सुटीत एक कोऱ्या पानांची वही करा. सामान फारसे लागत नाही. एचबीची पेन्सिल, खोडरबर आणि मोजपट्टी पुरे. चित्रकला येत नाही ही सबब चालणार नाही. ज्याला इंग्रजी ‘एस’ आणि मराठी ‘ळ’ काढता येतो, त्याच्या हाताला फुलासाठी लागणारी सगळी वळणे येतात.

पहिले फूल सदाफुलीचे घ्या. ती वर्षभर फुलते, कुंपणाशी, गच्चीत, कुठेही भेटते आणि तिला वास विशेष नसल्यामुळे देवघरातूनही फारशी मागणी नसते! एक फूल तोंडासमोर धरा. मोजपट्टीने त्याची रुंदी मोजा आणि तेवढ्याच व्यासाचे वर्तुळ हलक्या हाताने काढा. आता परिघाचे पाच भाग करायचे आहेत. ३६० ला ५ ने भागले की ७२ अंश येतात. कोनमापक वापरा किंवा ही युक्ती करा: हातपाय पसरून उभा असलेला माणूस मनात आणा. डोके वर, दोन हात दोन बाजूंना, दोन पाय खाली. डोके, हात आणि पाय या पाच टोकांच्या जागी खुणा करा. या पाच खुणांपासून केंद्रापर्यंत फिकट रेघा ओढल्या, की प्रत्येक पाकळीचा कणा मिळाला.

आता पाकळी. इथे हात पुन्हा जुने फूल काढू लागेल, त्याला थांबवा. सदाफुलीची पाकळी केंद्राशी अरुंद आणि बाहेर रुंद असते, पाचरीसारखी. तिचे टोक गोल आहे का? नीट पहा. बहुधा बाहेरच्या कडेवर एक लहानसे टोक निघालेले दिसेल आणि ते अगदी मध्यावर असेलच असे नाही. पाकळीचे दोन अर्धे सारखे नाहीत, हे ध्यानात आले की तुमचे चित्र एकदम सदाफुलीसारखे दिसू लागते. मधल्या गोलाची मात्र गंमत आहे. तो गोल नसून भोक आहे. पुंकेसर आत दडलेले असतात, म्हणून वरून पाहताना ते काढायचे नाहीत. दिसत नाही ते काढायचे नाही, हा या वहीचा पहिला नियम.

भोक कुठे जाते ते पाहायचे असेल, तर फूल आडवे धरून दुसरे चित्र काढा. खाली दोन-अडीच सेंटिमीटर लांबीची बारीक नळी आणि तिच्यावर ठेवलेली थाळी, असे ते दिसेल. थाळी आडवी झाल्यामुळे वर्तुळ चपटे होते. ते किती चपटे काढायचे हे कळत नसेल, तर आईची बांगडी डोळ्यांसमोर धरून हळूहळू कलती करा. पूर्ण गोल, मग अंडाकृती, मग निव्वळ रेघ. नवशिक्यांची निम्मी फुले या एका गोष्टीवाचून बिघडतात. नळी ब्लेडने उभी चिरली (मोठ्या माणसाला शेजारी बसवून) की वरच्या टोकाशी चिकटलेले पाच पुंकेसर दिसतील. ते तिसरे चित्र.

सदाफुली हाताला बसली, की साधी, पाच पाकळ्यांची जास्वंद घ्या. तिचे फूल बहुधा एकच दिवस टिकते, म्हणून सकाळीच बसा. तिच्यात काढण्यासारखे पुष्कळ आहे. मधली नळी, तिच्या अंगावर पुंकेसर आणि अगदी टोकाला पाच मखमली लाल ठिपके, म्हणजे कुक्षी. देठाकडे हिरवा निदलपुंज आणि त्याच्याही खाली हिरव्या चिंचोळ्या पट्ट्यांचे आणखी एक वलय, जे घाईत हमखास सुटते. पण मला तुमचे लक्ष वेधायचे आहे ते पाकळ्यांच्या कडांकडे.

पाकळ्या काढताना तुम्हांला लगेच अडचण येईल. कोणती रेघ पूर्ण काढायची आणि कोणती मध्येच थांबवायची? कारण पाकळ्या एकमेकींवर चढलेल्या असतात. प्रत्येक पाकळीची एक कड शेजारणीच्या वर आणि दुसरी कड दुसऱ्या शेजारणीच्या खाली, अशी पाचही जणींची फुगडी असते. आता फूल तोंडासमोर धरून एक पाकळी बरोबर वर, घड्याळातल्या बाराच्या जागी आणा. तिची उजवी कड शेजारणीच्या वर आहे की डावी? उजवी असेल तर चित्राखाली ‘उ’ लिहा, डावी असेल तर ‘डा’. मग त्याच झाडाचे दुसरे फूल पहा, तिसरे पहा, निदान वीस फुले पहा. रोज दोनतीनच मिळाली तरी आठवड्या-दीड आठवड्याचे काम आहे.

हीच नोंद सदाफुलीची करा. तिथे पाकळ्यांच्या कडा जेमतेम बुंध्याशी एकमेकींवर येतात, म्हणून अडचण वाटली तर उमलायला आलेली कळी पहा. तिच्यावर पीळ स्पष्ट दिसतो. एकेरी तगर मिळाली तर फारच उत्तम, तिचे फूल म्हणजे कागदी भिरभिरेच. सदाफुली आणि तगर एकाच कुळातल्या आहेत. जास्वंदीचे कूळ वेगळे. दोन्ही कुळांच्या ‘उ’ आणि ‘डा’ यांची बेरीज शेजारी शेजारी मांडली, की एक ठळक फरक दिसेल. कोणता, ते मी मुद्दाम सांगत नाही. सांगितले तर तुम्ही तेच पाहाल आणि माझे नववीतले जास्वंद पुन्हा उगवेल.

हा पोरखेळ आहे असे मात्र समजू नका. कलकत्त्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेत टी. ए. डेव्हिस नावाचे वनस्पतिशास्त्रज्ञ होते. नारळाच्या झाडावर पानांची मांडणी डावीकडे वळते की उजवीकडे, याचा त्यांनी ध्यास घेतला होता. जास्वंदीच्या कुळातील पाकळ्यांच्या या फुगडीवरचा त्यांचा लेख १९६४ साली ‘नेचर’ या जगप्रसिद्ध नियतकालिकात छापून आला. त्यासाठी मुख्यतः लागले काय? फुले, डोळे आणि मोजण्याची चिकाटी.

अशीच एक जुनी गोष्ट जर्मनीतली आहे. बर्लिनजवळच्या श्पांडाऊ गावी क्रिस्टियान कोनराड श्प्रेंगेल नावाचे एक शाळामास्तर होते. १७८७ च्या उन्हाळ्यात एक रानफूल पाहताना त्यांना पाकळ्यांच्या बुडाशी बारीक मऊ लव दिसली. असली लव लाखो लोकांच्या डोळ्यांखालून गेली असेल. श्प्रेंगेलना प्रश्न पडला, ही इथे कशाला? लवेच्या आडोशाला मधुरसाचे थेंब होते. पावसाचे पाणी त्या रसात मिसळू नये अशी ही सोय असावी, आणि रस ज्यांच्यासाठी राखला जातो ते गिऱ्हाईक म्हणजे कीटक, असा त्यांनी विचार केला. पुढची सहा वर्षे ते फुले पाहत आणि काढत राहिले. १७९३ साली त्यांचे पुस्तक निघाले. त्यात २५ चित्रपत्रांवर फुले आणि फुलांचे भाग दाटीवाटीने मांडले आहेत. पाकळ्यांवरच्या रेघा आणि ठिपके कीटकांना मधुरसाची वाट दाखवतात, हेही त्यांनी त्यात सांगितले. पुस्तकाची तेव्हा फारशी कदर झाली नाही आणि दुसऱ्याच वर्षी श्प्रेंगेलची शाळेतली नोकरीही गेली. पुढे १८४१ मध्ये ते डार्विनच्या हाती पडले आणि त्याने त्याचे मोल ओळखले.

तुम्ही म्हणाल, आता घरोघरी मोबाइल आहे, एक बटण दाबले की फूल पाकळीन्‌पाकळी टिपले जाते. मग पेन्सिल कशाला झिजवायची? फोटो जरूर काढा. पण फोटो काढताना कोणती कड वर आहे हे तुम्हांला ठरवावे लागत नाही. चित्र काढताना ते ठरवल्याशिवाय पेन्सिल पुढेच सरकत नाही. फरक आहे तो एवढाच.

पुण्याजवळ दापोडीला कंपनी सरकारच्या काळात एक वनस्पतिबाग होती. तिथले अधीक्षक डॉ. अलेक्झांडर गिब्सन यांनी १८४७ ते १८५० या काळात एका पोर्तुगीज-भारतीय चित्रकाराकडून बागेतल्या झाडांची दीडशेहून अधिक चित्रे काढून घेतली. ती आज एडिंबरोच्या वनस्पतिउद्यानात जपून ठेवली आहेत आणि अभ्यासक ती पाहतात. चित्रकाराचे नाव मात्र कोणी लिहून ठेवले नाही. म्हणून तुमच्या वहीत प्रत्येक चित्राखाली तारीख, वेळ, ठिकाण आणि स्वतःचे नाव लिहीत जा.

दोन फुलांनंतर वही तुमची तुम्हीच पुढे न्याल. गुलमोहराच्या पाच पाकळ्यांतली एक वेगळी असते, ती शोधा. बोगनवेलीचे रंगीत ‘फूल’ काढताना त्या तीन रंगीत पाकळ्या पाकळ्या नाहीतच, हे त्यांच्यावरच्या शिरा काढता काढता कळेल. खरी फुले आत, नळीसारखी, सहज नजरेतून निसटणारी. झेंडू शेवटी घ्या. एक ‘पाकळी’ ओढून काढा आणि तिचे बूड भिंगाखाली पहा. ती एकटी म्हणजेच एक फूल आहे. दसऱ्याच्या एका माळेत मग किती फुले झाली, हे मोजायला कोणी बसले तर त्याचा आकडा मला जरूर कळवा.

जे समजले नाही त्याच्याशेजारी प्रश्नचिन्ह काढून ठेवा आणि ते खोडू नका. शिक्षकांनाही एक विनंती आहे. प्रयोगवहीतल्या चित्राला गुण देताना मुलाच्या बाकावर कोणते फूल ठेवले होते, तेही एकदा पाहावे.