उधारीची वही आणि संगणक

दुकानाचा हिशेब संगणकावर आणायचा म्हणजे सॉफ्टवेअर बसवायचे, चार गोष्टी शिकवायच्या आणि निघायचे, अशी माझी समजूत होती. राणीसावरगावच्या एका कृषी सेवा केंद्राने ती दूर केली.

1 जुलै 2017 रोजी जीएसटी लागू झाला. दिवस ऐन पेरणीचे. एकाच दुकानात तीन तऱ्हा: बियाण्यांवर कर नाही, खतांवर 5 टक्के, कीटकनाशकांवर 18 टक्के. मी गंगाखेडहून जात असे. दुकानदार काकांनी मालाची यादी दिली. उधारीची वही मात्र दाखवली नाही. ‘‘ते नंतर बघू,’’ म्हणत.

हा आडमुठेपणा नव्हता. आमच्याकडे खत-बियाणे उधारीवर जाते. सोयाबीन, कापूस विकला की पैसे येतात. कोणाकडे किती थकले, हा गावाच्या अब्रूचा प्रश्न. ती वही परक्या पोराच्या हाती कशी द्यावी? पण येणे रक्कम नोंदल्याशिवाय संगणकातला हिशेब अपुराच.

मग चूक झाली, तीही माझ्याकडून. एका कीटकनाशकाला मी 5 टक्के दर लावून ठेवला. आठवडाभर तशीच बिले गेली. गिऱ्हाइके निघून गेलेली. उरलेला कर काकांच्या खिशातून जाणार. मी होऊन चूक सांगितली, रात्री थांबून एकेक बिल तपासले आणि फरक माझ्या मेहनतान्यातून कापायला सांगितला. काकांनी चहा मागवला आणि कपाटातून वही काढली. म्हणाले, ‘‘आता लिही.’’

पुढे याच घरोब्याने घोळ केला. ‘‘तेवढं बदलून दे रे,’’ असा फोन यायचा आणि मी बदलून द्यायचो. नोंद कुठेच नाही. दोन वर्षांनी माझ्या जागी दुसरा मुलगा गेला. त्याला काही उमगेना आणि काका त्याच्याशी मोकळे होईनात. शेवटी मीच गेलो, त्याची ओळख करून दिली आणि गल्ल्याजवळ एक वही ठेवली: तारीख, काय बदलले, कोणी सांगितले.

म्हणून व्यापारी बंधूंना सांगणे एवढेच. सॉफ्टवेअर घेताना किमतीबरोबर हेही विचारा, की अडचण आली तर कोण येणार आणि तो नसला तर कोण? आणि आम्ही विकणाऱ्यांनी ध्यानात ठेवावे, की विश्वासाने वही उघडते; पण तो विश्वास पुढच्या माणसापर्यंत पोचवायचा, तर नोंद ठेवावीच लागते.