दार उघडं, तरी पाखरू आतच!

मुलांच्या हट्टापायी बऱ्याच घरांत हल्ली छोटे रंगीत पक्षी आले आहेत. बाजारात त्यांना सरसकट ‘लव्हबर्ड’ म्हणतात, पण त्यातले बहुतेक बजी असतात, मूळचे ऑस्ट्रेलियातले. गटांतून आम्हाला विचारतात ते हेच, की दार उघडं ठेवलं तरी पाखरू कोपऱ्यात अंग चोरून बसतं, त्याला बाहेर कसं आणायचं?

आधी एक सांगतो. आपला हिरवा पोपट पिंजऱ्यात ठेवणं १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे. तो घरात असेल तर परस्पर सोडूनही देऊ नका. माणसात वाढलेल्याला स्वतःचं पोट भरता येत नाही, कावळे मागे लागतात ते वेगळंच. वनविभागाला कळवा. पुढचं सगळं बजीबद्दल.

बजीची भीती शहाणपणाची आहे. रानात तो थव्याने राहतो आणि शिकारी पक्षी त्याच्यावर वरून झडप घालतात. म्हणून वरून आलेला आपला हात त्याला ससाण्यासारखाच वाटतो. एकदा मुठीत धरून ओढलं, की त्याने हाताची धास्ती घेतलीच. मग पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. दार आपण उघडायचं, पाय त्याने बाहेर टाकायचा.

दार उघडण्याआधी खोली बघा. पंखा बंद करून बटणावर चिकटपट्टी लावा. लाइट गेलेली असताना तर जास्त जपा, कारण ती आली की बटण चालू राहिलेला पंखा आपसूक फिरू लागतो. खिडक्या लावून काचेवर आणि आरशावर जुनी ओढणी टाका, नाहीतर पाखरू सरळ जाऊन आपटतं. हंडा-बादली झाकलेली हवी, चूल विझलेली हवी, मांजर बाहेर. नॉनस्टिक तवा फार तापला तर त्याच्या वाफेने पक्षी मरतात, म्हणून पिंजरा स्वयंपाकघरात नकोच.

आता आमिष. पक्ष्यांच्या दुकानात कणसं महाग मिळतात, ती म्हणजे आपलं राळं! आजीच्या काळी शेतात असायचं तेच. कुणाकडे असेल तर दोन-चार कणसं मागून आणा. आधी काही दिवस नुसतं पिंजऱ्याशेजारी बसा, भाजी निवडता निवडता त्याच्याशी बोला. मग कणीस गजांतून धरा. ते निवांत खाऊ लागलं की दारात धरा, आणि दाराबाहेर एक काडी आडवी बांधून पुढे तिच्यावर. कुणाला आठवडा लागतो, कुणाला दोन-तीन महिने. उपाशी ठेवून मात्र बाहेर काढू नका, एवढ्याशा जिवाला ते सोसत नाही.

पिसं अंगाशी घट्ट आणि मान ताठ झाली की ते घाबरलंय, आपण एक पायरी मागे यायचं. दिवसाही पिसं फुगवून, डोळे मिटून बसत असेल तर मात्र तो लाजाळूपणा नसून बहुधा आजार असतो. पशुवैद्यकांना दाखवा.

विकणारे कधी कधी पंख छाटून देतात. असं पाखरू उडायला जातं आणि धपकन पडतं, मग दुसऱ्यांदा दाराशी येत नाही. खाली गोधडी अंथरा. पिसं गळून नवी येईपर्यंत दारातून जमिनीपर्यंत एक लहान शिडी लावा.

पहिल्या दिवशी बाहेर आलं तर टाळ्या, आरडाओरडा नको. मुलांना आधीच बजावून ठेवा. दाणा-पाणी पिंजऱ्यातच असू द्या, भूक लागली की बहुतेक वेळा आपणहून परततं. संध्याकाळपर्यंत कपाटावरच बसून राहिलं तर मागे धावू नका. दिवा मालवा. अंधारात त्याला नीट दिसत नाही, ते जागचं हलत नाही. मऊ फडक्यात अलगद घेऊन आत ठेवा.