भाकरीचं मशीन मिळेल का हो?

मागच्या दिवाळीच्या सुट्टीत लातूरला घरी आई ओल्या फरशीवरून घसरली आणि तिच्या उजव्या मनगटाचं हाड मोडलं. दीड महिना प्लास्टर. ते निघाल्यावर डॉक्टरांनी सांगितलं, "आणखी सहा महिने तरी पीठ मळायचं नाही, भाकरी थापायची नाही." पडल्यापासून आई एकदाही रडली नव्हती, पण हे ऐकून तिचे डोळे भरले. कारण घरात आज्जी आहे, आणि आज्जीला ज्वारीच्या भाकरीशिवाय दुसरं काही गोड लागत नाही. पोळी तिला "रबर" वाटते आणि ब्रेड म्हणजे "दवाखान्यातलं खाणं"!

रात्री बाबा मला म्हणाले, "तू इंजिनिअरिंगला आहेस ना? मग एखादं चांगलं मशीन शोध की. दहा हजारापर्यंत चालेल." मी आपला टेचात "हो" म्हणून बसलो. पुढे काय झालं आणि त्यातून काय शिकलो, ते या लेखात सांगतोय. आपल्यापैकी बऱ्याच जणांच्या घरी कधी ना कधी हा प्रश्न येणार आहे, म्हणून.

पहिला धडा : पाटी वाचा!

डिसेंबरात माझा मामेभाऊ न्यू जर्सीहून आला. आईचं ऐकून त्याने स्वतःचं वापरलेलं ब्रेड मेकर बॅगेत घालून आणलं. "यात पीठ, पाणी, यीस्ट टाकायचं, बटण दाबायचं, तीन तासांनी ब्रेड तयार!" आम्ही सगळे खूश. पिन बसत नव्हती म्हणून गंजगोलाईतून एक साधा कनेक्टर आणला, मशीन लावलं, आणि काही मिनिटांत घरभर जळका वास. संपलं!

चूक पूर्णपणे माझी होती. मशीनच्या बुडाला पाटी होती : १२० व्होल्ट, ६० हर्ट्झ, ५५० वॅट. आपल्याकडे सप्लाय २३० व्होल्ट, ५० हर्ट्झ. हीटरचा रेझिस्टन्स साधारण तोच राहतो आणि पॉवर व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. २३० ला १२० ने भागून वर्ग करा, येतात जवळजवळ ३.७. म्हणजे ५५० वॅटचा हीटर २००० वॅट खेचायला लागला. हे मी फर्स्ट इयरला परीक्षेत लिहून मार्क घेतले होते! कनेक्टर फक्त पिनचा आकार बदलतो, व्होल्टेज नाही. त्यासाठी स्टेप-डाऊन ट्रान्सफॉर्मर लागतो, आणि तोही मशीनच्या वॅटपेक्षा चांगला मोठा. परदेशातून कोणी मशीन "फुकट" आणत असेल तर आधी पाटीचा फोटो मागवा. फुकटाचं मशीन आम्हाला असं महागात पडलं.

ब्रेड मेकरच्या पोटात काय असतं?

जळालेलं मशीन मी खोलून बघितलं. (मेकॅनिकलवाल्याला तेवढंच समाधान.) आत विशेष काही नाही. एक मोटर, एक बेल्ट, एक डबा, डब्याच्या तळाला फिरणारं छोटं पातं, भोवती हीटर, एक टेंपरेचर सेन्सर आणि वेळा पाळणारं सर्किट. पातं कणीक मळतं, मग थांबतं, हलकीशी ऊब देऊन पीठ फुगू देतं, पुन्हा एकदा मळतं, पुन्हा फुगू देतं आणि शेवटी भाजतं.

पण हे साधं दिसणारं मळणंच सगळ्यात अवघड होतं. जपानमधल्या ओसाकाच्या मात्सुशिता कंपनीने (आजची पॅनासॉनिक) १९८० च्या दशकात घरगुती ब्रेड मेकर बनवायला घेतलं, तेव्हा ब्रेड बाहेरून करपायचा आणि आतून कच्चा राहायचा. शेवटी इकुको तनाका या सॉफ्टवेअर डेव्हलपर बाई ओसाका इंटरनॅशनल हॉटेलच्या मुख्य बेकरकडे शिकायला गेल्या. त्यांच्या लक्षात आलं की तो बेकर पीठ नुसतं ताणत नाही, ताणताना पिळतोही. तो पीळ मशीनमध्ये आणायला डब्याच्या आतल्या बाजूला उभ्या कडा बसवल्या आणि मग कुठे ब्रेड जमला. मॅनेजमेंटच्या पुस्तकांत ही गोष्ट प्रसिद्ध आहे. मशीन बनवायच्या आधी कोणाच्या तरी हाताखाली बसावं लागतं, हा तिचा अर्थ.

गव्हाला जमतं, ज्वारीला का नाही?

आता खरा मुद्दा. गव्हात ग्लायाडिन आणि ग्लुटेनिन अशी दोन प्रथिनं असतात. पाणी घालून मळलं की त्यांची जाळी तयार होते, तीच ग्लुटेन. ही जाळी रबरासारखी ताणते. यीस्ट साखर खाऊन कार्बन डायऑक्साईड सोडतं, तो या जाळीत अडकतो आणि ब्रेड फुगतो. पोळी लाटता येते तीही याच ताणामुळे.

ज्वारीत ग्लुटेन नसतंच. कितीही मळा, जाळी होत नाही. ब्रेड मेकरमध्ये किंवा कणीक मळायच्या मशीनमध्ये ज्वारीचं पीठ टाकलं की ते कोपऱ्यात जाऊन बसतं आणि पातं नुसतंच फिरतं. काही मशीनवर "ग्लुटेन-फ्री" असा प्रोग्राम असतो, पण त्यात इसबगोलसारखं चिकट काहीतरी घालून सरबरीत मिश्रण करावं लागतं, आणि तयार होतो तो केकचा भाऊ. आज्जीपुढे तो ठेवायची माझी तरी हिंमत नाही.

मग भाकरी एकत्र राहते कशाने? स्टार्चने. पाण्यात साधारण ६५ ते ८० अंशांच्या दरम्यान ज्वारीचा स्टार्च फुगतो आणि खळीसारखा चिकट होतो. म्हणूनच आपल्याकडे पिठात आधणाचं पाणी घालतात. पीठ जुनं झालं की भाकरीला चिरा पडतात, तेव्हा आज्जी म्हणते, "पिठाची विरी गेली." विरी म्हणजे हाच चिकटपणा. विरी गेलेल्या पिठाला कडक पाण्याने पुष्कळदा वाचवता येतं, हेही तिला माहीत आहे. थर्मोडायनॅमिक्स न शिकता!

भाकरी तव्यावर टाकल्यावर वरून पाण्याचा हात का फिरवतात? वरचं कोरडं पीठ भिजतं, तिथला स्टार्च शिजून पातळ पापुद्रा होतो आणि चिरा बुजतात. मग आतल्या पाण्याची वाफ होते. पाण्याची वाफ झाली की आकारमान सोळाशे-सतराशे पट होतं. पापुद्र्याला भोक नसेल तर भाकरी टम्म फुगते, असेल तर फुस्स. म्हणजे भाकरी हे एक प्रेशर व्हेसलच आहे, आणि आई ते रोज विनाटेस्टिंग पास करत होती.

बाजारात काय काय मिळतं?

१. ब्रेड मेकर : फक्त ब्रेड, पावाचं पीठ, पिझ्झाचा बेस, कणीक. भाकरीसाठी शून्य उपयोग.

२. कणीक मळायचं मशीन : गव्हासाठी उत्तम. मनगट दुखणाऱ्याला खरा आराम.

३. इलेक्ट्रिक रोटी मेकर : दोन तापलेल्या प्लेटा, मध्ये गोळा ठेवून दाबायचं. दाबणं आणि भाजणं एकदमच होतं, त्यामुळे पीठ नीट सैल नसेल तर पोळी पापडासारखी होते. ज्वारीचा गोळा तर कडेला फाटतो.

४. पूर्ण ऑटोमॅटिक : यात नाव घ्यायचं ते रोटीमॅटिकचं. प्रणोती नागरकर या मेकॅनिकल इंजिनिअरने पती ऋषी इस्रानी यांच्यासह सिंगापूरमध्ये २००८ साली कंपनी काढली आणि मशीन ग्राहकांच्या घरी पोचायला २०१६ उजाडलं. आठ वर्षं! एका पोळीसाठी! सुरुवातीची किंमत जवळपास हजार डॉलर होती. आमच्या बजेटमध्ये त्याचं झाकणसुद्धा आलं नसतं. तरी आडनाव वाचून छाती फुगली, भाकरीसारखी.

तरीही ब्रेड मेकर घ्यायचं असेल तर

ब्रेड आवडणाऱ्या घराला ते वाईट नाही. पाव हा शब्दच मुळात पोर्तुगीज. गोव्यात यीस्टच्या जागी माडाची सूर घालून पाव फुगवायचे, आणि आज आपल्या नाक्यावरचा वडापाव त्याच्याशिवाय अडतो. घेताना एवढं बघा :

व्होल्टेज : २२० ते २४० आहे ना? तीन पिनांचा प्लग आणि घरात अर्थिंग नीट आहे ना?

लाईट गेली तर : तीन तासांच्या प्रोग्राममध्ये आपल्याकडे लाईट जाणारच. काही मशीन दहा-पंधरा मिनिटं कुठे थांबलो ते लक्षात ठेवतात, काही पुन्हा पहिल्यापासून सुरू करतात. हे दुकानदाराला विचारू नका, माहितीपुस्तिकेत वाचा. घरातल्या छोट्या इन्व्हर्टरवर हीटर चालवायचा विचार सोडा.

उन्हाळा : मशीनमध्ये हीटर असतो, कूलर नसतो. नांदेड-लातूरच्या मे महिन्यात ४२ अंशांत पीठ वेळेआधीच फुगून मग बसतं. फ्रीजचं पाणी वापरा, यीस्ट थोडं कमी करा. रात्री टायमर लावून सकाळी ब्रेड काढायचा असेल तर दुधाऐवजी पाणी घाला, नाहीतर पीठ आंबेल.

डबा आणि पातं : डब्याच्या तळाचं सील आणि पातं आधी झिजतं. हे सुटे भाग आपल्या गावात किंवा निदान औरंगाबाद-पुण्याहून मिळतात का, ते पैसे देण्याआधी विचारा.

आकार : चार माणसांना ४५० ते ७०० ग्रॅमचा ब्रेड पुष्कळ. मोठा डबा घेऊन त्यात कमी पीठ टाकलं तर ब्रेड एका कोपऱ्यात वेडावाकडा होतो.

विजेचं काय? मळायला मोटर थोडीच वीज घेते आणि हीटर मुख्यतः शेवटचा तासभर चालू-बंद होतो. एका ब्रेडला साधारण अर्धं युनिट धरा. म्हणजे वीज चार-पाच रुपयांची. खर्च मशीनचाच.

मग आम्ही काय घेतलं?

ज्वारीचा जवळचा नातेवाईक ब्रेड नाही, हे कळल्यावर मी दुसरीकडे शोधलं. जगात आणखी कोण बिनग्लुटेनची भाकरी खातं? मेक्सिकोचे लोक! त्यांचा टॉर्टिया मक्याचा. मका चुन्याच्या पाण्यात शिजवून, दळून त्याचा गोळा करतात आणि दोन पाट्यांच्या हातप्रेसमध्ये दाबतात. वीज नाही, मोटर नाही, फक्त तरफ. तसलीच पोळी-पुरीची प्रेस आपल्याकडे भांड्यांच्या दुकानात धूळ खात पडलेली असते. गंजगोलाईत ती मिळाली, बजेटच्या दहाव्या भागापेक्षाही कमी पैशांत. उरलेल्या पैशांतून कणकेचं मशीन घेतलं.

पहिले चार दिवस आमच्या भाकऱ्यांचे नकाशे झाले. आई काटवटीशेजारी खुर्ची टाकून बसायची आणि तिथून ऑर्डर सोडायची. "काय करायलास रे? आधी उकड काढ की!" थापताना तळहात चिरा बुजवत जातो, प्रेसला ते येत नाही, म्हणून पीठच जास्त चिकट हवं, हे तिने बघताक्षणी ओळखलं. शेवटी जमलेली पद्धत अशी : एक वाटी पाण्याला उकळी आणा, चिमूटभर मीठ टाका, वाटीभर पीठ टाकून हलवा, झाकून दहा मिनिटं ठेवा. ओल्या हाताने कोमट असतानाच चांगलं रगडा. तेलाच्या रिकाम्या पिशवीचे धुतलेले दोन तुकडे प्रेसमध्ये ठेवून मधे गोळा दाबा. एकदा दाबून, अर्धा फिरवून, पुन्हा हलकेच दाबा. मग तवा, पाण्याचा हात आणि आच.

रगडायचं काम बाबांकडे आलं. छप्पन्नाव्या वर्षी आयुष्यात पहिल्यांदा पिठात हात घातलेला माणूस आता आमच्या गल्लीत भाकरीबद्दल सल्ले देतो! आज्जीने पाचव्या दिवशी दुधात काला करून खाल्ला आणि म्हणाली, "उलीशी जाड हाय, पर चालतंय." मला कुठल्याही व्हायव्हात एवढं बरं वाटलेलं नाही.

मात्र एक गोष्ट मनाला लागली. आई रोज पंधरा-वीस भाकऱ्या थापत होती, तेव्हा घरात कोणालाच मशीन शोधावंसं वाटलं नव्हतं. हाड मोडल्यावर सुचलं. दहा हजारांचं बजेट आधीपण होतंच की.

गुढीपाडव्याला डॉक्टरांनी थोडं काम करायला परवानगी दिली. आईने एकच भाकरी थापली. छोटी, एका बाजूला कललेली, पण टम्म फुगलेली. दुसरी बाबांनी तिला करू दिली नाही.

तर मित्रमैत्रिणींनो, फायनल इयरला प्रोजेक्टचा विषय शोधताय ना? फिरवत फिरवत, चिरा बुजवत थापणारं मशीन मला तरी बाजारात दिसलं नाही. इकुको तनाकांनी केलं तेच करा. आधी आईच्या किंवा आपल्या मेसच्या मावशींच्या शेजारी आठवडाभर काटवटीपाशी बसा. डिझाईन नंतर. प्रेस बघायची असेल तर ती सध्या माझ्या रूमवर आहे. हॉटप्लेट मात्र नाही. (रेक्टर सर, खरंच नाही!)