डावी की उजवी?

पुण्यात, नवी मुंबईत बसून अमेरिकन रुग्णालयांच्या फाइली कोड करणाऱ्या मुलामुलींच्या कामाला ‘डेटा एन्ट्री’ म्हणून नाक मुरडण्याची आपल्याकडे सवय आहे. ती मोडायला मानेतल्या कॅरोटिड धमनीच्या आजाराची एक फाइल पुरे. पडद्यावर एकीकडे सर्जनची नोंद असते : ‘कॅरोटिड स्टेनोसिस, शस्त्रक्रियेचा सल्ला.’ दुसरीकडे डॉप्लर सोनोग्राफीचा अहवाल : डावी धमनी ७० टक्क्यांहून अधिक अरुंद. अमेरिकेत १ ऑक्टोबर २०१५पासून लागू झालेल्या आयसीडी-१०-सीएम या निदानांच्या कोडसूचीत उजव्या धमनीला आय६५.२१, डावीला आय६५.२२, दोन्हींना आय६५.२३ हा कोड आहे. बाजूच कळली नाही, तर उरतो आय६५.२९, म्हणजे ‘अनिर्दिष्ट’. ज्या धमनीवर सुरी चालणार, तीच अनिर्दिष्ट!

खरी मेख पुढे आहे. त्या ७० टक्क्यांना या कोडमध्ये जागाच नाही. उपचार मात्र त्याच आकड्यावर ठरतात. १९९१ साली प्रसिद्ध झालेल्या ‘नासेट’ चाचणीत, लक्षणे दिसलेल्या आणि ७० ते ९९ टक्के अरुंद धमनी असलेल्या रुग्णांमध्ये त्याच बाजूच्या पक्षाघाताचा दोन वर्षांतला धोका शस्त्रक्रियेमुळे २६वरून ९ टक्क्यांवर आला. शिवाय ७० म्हणजे कोणते ७०? जुन्या युरोपीय पद्धतीने मोजलेले ७० ‘नासेट’च्या पद्धतीने जेमतेम ५० भरतात. लक्षणांचेही तसेच. पक्षाघाताचा तात्पुरता झटका येऊन गेला असेल तर जी४५.९ वेगळा लावावा लागतो; याच अरुंदपणामुळे मेंदूचा भाग मेला असेल तर आय६५ बाजूला ठेवून आय६३.२३च्या गटात जावे लागते. म्हणजे कोड कितीही अचूक असला, तरी आजाराची तीव्रता शेवटी डॉक्टरच्या वाक्यातच राहते.

डॉक्टर म्हणतील, रुग्ण समोर आहे, बाजू मला ठाऊक आहे, लिहीत बसायला वेळ कुठे? पण ती फाइल विमा कंपनी वाचते, उद्या दुसऱ्या गावातला तातडीच्या विभागातला डॉक्टर वाचतो. त्यांना लेखीच कळते. कोडरने अहवाल पाहून समजून घ्यावे, हा दुसरा आक्षेप वरवर रास्त वाटतो. मात्र डॉप्लरचा आकडा आणि रुग्णाची चक्कर यांची सांगड घालणे म्हणजे निदान करणे, आणि तो अधिकार कोडरला नाही. अशा वेळी त्याच्या हाती असते फक्त क्वेरी, म्हणजे डॉक्टरला पाठवायचा लेखी प्रश्न. तीही ‘डावी असे लिहा’ अशी उत्तर सुचवणारी चालत नाही. ‘कोणती बाजू, कृपया स्पष्ट करावे’ अशा तटस्थ शब्दांतच विचारावे लागते. अनेक डॉक्टरांना ही क्वेरी कटकट वाटते. वस्तुतः या कामातली सगळी बुद्धी तिथेच लागते.

म्हणून कोडरच्या चुका मोजणाऱ्या रुग्णालयांनी आधी डॉक्टरांच्या नोंदी तपासाव्यात. बाजू, टक्केवारी व ती मोजण्याची पद्धत, लक्षणे आणि पूर्वीचा झटका, या चार गोष्टी लिहायला दोन ओळी पुरतात.