नवा कॉम्प्युटर घेतलाय? जुन्यातले ईमेल मागे राहू देऊ नका!

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा सर्वसाधारण सपोर्ट थांबवला. विंडोज ११ चालत नसल्यामुळे अनेकांना जुना कॉम्प्युटर बदलावा लागतोय. फोटो, गाणी, एक्सेलच्या फायली सगळे आठवणीने कॉपी करतात. ईमेलचं काय? "ते तर इंटरनेटवरच असतात ना!" असं म्हणून बरेच जण निर्धास्त राहतात.

इथेच घोटाळा होतो. ब्राउझरमध्ये जीमेल उघडणाऱ्यांना खरंच काळजी नाही. पण आउटलुक किंवा थंडरबर्डसारखा प्रोग्राम वापरत असाल, तर तुमचे काही मेल फक्त त्या जुन्या हार्ड डिस्कवरच असू शकतात. कॉम्प्युटर भंगारात गेला की तेही गेले.

पॉप की आयमॅप? आधी हे बघा

मेल प्रोग्राम सर्व्हरवरून मेल दोन पद्धतींनी आणतो.

आयमॅप पद्धतीत मेल सर्व्हरवरच राहतात आणि कॉम्प्युटरवर त्यांची नक्कल दिसते. नव्या मशीनवर तेच अकाउंट जोडलं की इनबॉक्स, सेंट, सगळे फोल्डर आपोआप उतरतात.

पॉप पद्धत म्हणजे पोस्टाच्या पेटीतून पत्रं काढून घरी आणण्यासारखी. मेल कॉम्प्युटरवर आले की सर्व्हरवरून लगेच किंवा काही दिवसांनी पुसले जातात. 'सर्व्हरवर प्रत ठेवा' हा पर्याय निवडला असला, तरी पॉप फक्त इनबॉक्स आणतं. तुम्ही पाठवलेले मेल आणि स्वतः बनवलेले फोल्डर त्यातून येत नाहीत.

तुमची पद्धत कोणती, ते प्रोग्रामच्या अकाउंट सेटिंग्जमध्ये लिहिलेलं असतं. तिथे पोर्ट ९९३ दिसला तर आयमॅप, ९९५ दिसला तर पॉप. दुकान, सीए ऑफिस किंवा छोट्या कारखान्याचा स्वतःच्या डोमेनचा जुना ईमेल असेल, तर हे नक्की तपासा. बिलं, ऑर्डरी, वर्षांचा पत्रव्यवहार त्यातच असतो.

थंडरबर्ड : एकच फोल्डर उचला

थंडरबर्डमध्ये मेल, पत्ते, अकाउंटची सेटिंग्ज, फिल्टर आणि साठवलेले पासवर्ड असं सगळं 'प्रोफाइल' नावाच्या एकाच फोल्डरमध्ये असतं. तो 'अ‍ॅपडेटा' या लपवलेल्या फोल्डरच्या आत असल्यामुळे सहसा दिसत नाही.

१. 'हेल्प' मेन्यूमधून ट्रबलशूटिंग इन्फर्मेशनचं पान उघडा. तिथे प्रोफाइल फोल्डरसमोर 'ओपन फोल्डर' बटण असतं. ते दाबून जागा पाहून ठेवा.
२. थंडरबर्ड पूर्ण बंद करा. चालू असताना कॉपी केली तर फायली अर्धवट येतात.
३. त्याच मार्गाने मागे जाऊन 'रोमिंग'च्या आतलं 'थंडरबर्ड' हे अख्खं फोल्डर बाहेरच्या डिस्कवर कॉपी करा.
४. नव्या कॉम्प्युटरवर थंडरबर्ड इन्स्टॉल करा. आवृत्ती जुन्याइतकी किंवा त्याहून नवी हवी. तो बंद ठेवून हे फोल्डर त्याच जागी पेस्ट करा.

उघडल्यावर सगळं रिकामं दिसलं तर घाबरू नका. ट्रबलशूटिंगच्या त्याच पानावरून प्रोफाइलची यादी उघडते. तिथे जुनं प्रोफाइल निवडा.

आउटलुक : पीएसटी आणि ओएसटीमधला फरक

क्लासिक आउटलुकमध्ये पॉपचे मेल पीएसटी फायलीत असतात. ती बहुतेक वेळा 'डॉक्युमेंट्स'मधल्या 'आउटलुक फाइल्स' फोल्डरमध्ये सापडते. आउटलुक बंद करून ती कॉपी करा. नव्या कॉम्प्युटरवर 'फाइल'मधून 'ओपन अँड एक्स्पोर्ट', मग 'ओपन आउटलुक डेटा फाइल' हा पर्याय वापरून उघडा.

ओएसटी फाइल मात्र नुसती नक्कल असते. ती न्यायची गरज नाही. अकाउंट जोडलं की नवी तयार होते.

एक लक्षात ठेवा : पीएसटीमध्ये मेल येतात, अकाउंटची सेटिंग्ज आणि पासवर्ड येत नाहीत. त्यामुळे जुन्या मशीनवरची सर्व्हरची नावं आणि पोर्ट कागदावर उतरवा किंवा मोबाइलवर फोटो काढा. मेलखालची सिग्नेचरही वेगळ्या फोल्डरमध्ये असते, ती आठवणीने घ्या.

पेन ड्राइव्हची अडचण

कॉपी करताना 'फाइल खूप मोठी आहे' असा मेसेज आला, तर पेन ड्राइव्ह बहुधा फॅट ३२ प्रकारचा आहे. त्यावर ४ जीबीपेक्षा मोठी एक फाइल बसत नाही, जागा रिकामी असली तरी. मेलच्या फायली सहज तेवढ्या होतात. रिकामा पेन ड्राइव्ह एक्सफॅट किंवा एनटीएफएसमध्ये फॉरमॅट करा. त्यातला मजकूर पुसला जातो, म्हणून आधी तो दुसरीकडे ठेवा.

जुना कॉम्प्युटर देण्याआधी

नव्या मशीनवर सर्वांत जुना मेल उघडून पाहा. पाठवलेल्या मेलचं फोल्डर आणि एखादी अ‍ॅटॅचमेंट तपासा. स्वतःलाच एक मेल पाठवा. हे सगळं जमलं तरी जुना कॉम्प्युटर महिनाभर ठेवलेला बरा.

मग तो विकताना किंवा कुणाला देताना विंडोजच्या रिसेटमधून सगळं पुसा आणि ड्राइव्ह साफ करण्याचा पर्यायही निवडा. थंडरबर्डमध्ये प्रायमरी पासवर्ड लावलेला नसेल, तर प्रोफाइल ज्याच्या हाती लागेल त्याला तुमचे सगळे पासवर्ड वाचता येतात. कॉपी केलेल्या पेन ड्राइव्हलाही हेच लागू आहे. तो कपाटात कुलपाआड ठेवा.